पहिला खिळा ठोकण्याआधी

जपानमध्ये भिंतीत खिळा ठोकण्याआधी शेजाऱ्यांची माफी मागतात. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, याच कामाचा मला पगार मिळतो. ओजिमाच्या एका गल्लीत घरदुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे, तिथे मी नोकरी करते. दुकानात माणसं तीन. मालक, ज्यांना सगळे शाचो म्हणतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे ओकुसान, ज्या हिशेब, चहा आणि शाचो हे तिन्ही सांभाळतात. आणि तिसरी मी, नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे चिंचवडहून आलेली आणि घरी बसून कचऱ्याच्या वर्गीकरणात पारंगत झालेली बाई.

मला त्यांनी ठेवलं ते आपल्या लोकांमुळे. हिगाशी-कसाईच्या आसपास आपले इंजिनिअर लोक हल्ली जुनी घरं विकत घ्यायला लागलेत, आणि घर जपानी असलं तरी सवयी काही बदलत नाहीत. बाथरूममध्ये खाली बादली मावेल अशा उंचीवर नळ कशाला लागतो, फोडणीचा ठसका बाहेर घालवायला पंखा केवढा लागतो, देवघराच्या मागे संडास का चालत नाही, हे सगळं शाचोंना समजावून सांगायचं काम माझं. संडासाचा मुद्दा त्यांना लगेच पटला. बादलीचा अजून पटलेला नाही.

शाचो सत्तरीचे, सुतारकीत मुरलेले, आणि स्वतःच्या दारांबद्दल अतिशय गर्विष्ठ. बाकी बाबतीत बोलणार नाहीत, पण दार म्हटलं की सुरू. त्यांचं सरकतं दार एका बोटाने ढकलायचं, ते आपोआप शेवटपर्यंत जायचं आणि चौकटीला टेकताना आवाज करायचं नाही. काम संपलं की गिऱ्हाइकाला बोट पुढे करायला लावून ते हा प्रयोग करून दाखवत. तेव्हा मान किंचित तिरपी करून, डोळे मिटून उभे राहत, आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत एखादे काका बसतात तसे.

तर, माफी. काम सुरू होण्याआधी आम्ही आजूबाजूच्या प्रत्येक घरी जातो. समोर, दोन्ही बाजूंना, मागच्या अंगालाही. हातात कागदात गुंडाळलेला एकेक टॉवेल आणि आवाज कधीपासून कधीपर्यंत होणार ते लिहिलेली सूचना. याला आइसात्सु म्हणतात. शाचो कमरेत वाकतात, ओकुसान त्यांच्याहून जास्त वाकतात, मी त्यांच्याकडे बघून वाकते. सुरुवातीला मला हसू यायचं. चिंचवडला आमच्या शेजाऱ्यांनी भिंत पाडायला घेतली हे आम्हाला त्यांची पहार आमच्या बाजूने आत आली तेव्हा कळलं होतं.

ही सूचना आम्ही कधीच चुकवली नाही. चुकली ती दुसरीच, आणि ती द्यायची असते हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं.

हिगाशी-कसाईत कोथरूडचे एक गृहस्थ राहतात. गणपतीचा मंडप त्यांचा, दिवाळीचा फराळ त्यांचा, मुलांच्या मराठी वर्गाच्या चटयासुद्धा त्यांच्याच घरी. मनाने चांगले, फक्त जगातलं सगळं आपल्याला कळतं असं त्यांना वाटतं. त्यांनी जुनं दुमजली घर घेतलं आणि मला म्हणाले, "वहिनी, काम तुमच्याच शाचो-सानला द्यायचं. आपलं माणूस मध्ये असलं की काळजी नाही." मीही शाचोंना अभिमानाने सांगितलं, हे आमचेच आहेत. शाचोंनी ते घर जीव लावून केलं. स्वयंपाकघर, देवघर, बादलीचा नळ आणि वरखाली मिळून सरकती दारं. शेवटच्या दिवशी किल्ली दोन्ही हातांत धरून, वाकून दिली. कोथरूडकरांनी एका बोटाने दार ढकललं आणि "क्या बात है!" असं हिंदीत म्हणाले. शाचोंनी माझ्याकडे अर्थ विचारला नाही, चेहऱ्यावरून कळला होता.

आधीचे सगळे हप्ते वेळच्या वेळी आले होते. शेवटचा मात्र आला नाही.

बिल गेलं. महिना उलटला. ओकुसान बँकेत जाऊन आल्या की चहा ठेवायच्या, आणि तो चहा जरा कडकच व्हायचा. राग माझ्या नाकावर असतो, त्यामुळे मी म्हटलं, मी फोन करते. शाचो म्हणाले, "थांबा. वरच्या मजल्यावरचं दार खालच्या खोबणीला घासत असेल. मी बघून येतो." पेटी घेतली, गेले, दिवसभर तिथे बसले, परत आले. दार घासत नव्हतं. तरी त्यांनी ते काढून रंधा मारून पुन्हा बसवलं होतं.

पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरातली फळी. मग देवघराचा उंबरठा. मग पुन्हा तेच दार. दर वेळी कोथरूडकर खूश. आल्याचा चहा देत, चिवडा देत, आणि जाता जाता काहीतरी दाखवत, "शाचो-सान, हा कोपरा जरा बघता का?" शाचो तो कोपरा बघत. पैशाचं नाव दोघांपैकी एकजणही काढत नसे.

शेवटी ओकुसानच मला म्हणाल्या, "कायद्यात काहीतरी असेल ना?" शाचोंना न सांगता आम्ही दोघी स्टेशनजवळच्या एका नोंदणीतज्ज्ञाकडे गेलो. जमिनीची, घरांची कागदपत्रं सरकारदरबारी नोंदवून देणारे हे गृहस्थ. टेबलावर रबरी शिक्क्यांची रांग आणि एक कुंडीतलं निवडुंग. सगळं ऐकून ते खुलले.

"आहे ना!" ते म्हणाले. "ज्याने घराचं काम केलं, त्याला आपल्या मोबदल्यापुरता त्या घरावरच हक्क नोंदवता येतो. घर विकलं गेलं तरी आधी तुमचं देणं."

ओकुसाननी माझा हात दाबला. मी म्हटलं, "मग आजच नोंदवू या."

"आज नाही चालणार. काम सुरू होण्याआधी नोंदवायला हवं होतं. अंदाजे खर्चासकट."

"आधी म्हणजे?"

"पहिला खिळा ठोकण्याआधी. नंतर केली तर त्या नोंदणीला अर्थ नाही."

"आणि त्याला काय काय लागतं?"

"मुख्य म्हणजे घरमालकाची संमती. त्यांचा शिक्का लागतो."

जपानमध्ये सहीऐवजी शिक्का मारतात. मी डोळ्यांसमोर ते चित्र आणलं. शाचो नवीन गिऱ्हाइकाकडे गेलेत, वाकलेत, टॉवेल दिलाय आणि म्हणताहेत, आपलं काम करायला मिळतंय हा आमचा सन्मान आहे, आपण पुढे आम्हाला बुडवाल अशी शंका आहे, तेव्हा कृपया इथे शिक्का मारा. मला हसू आवरेना. ओकुसान खाली मान घालून बसल्या होत्या, पण खांदे त्यांचेही हलत होते.

"असं कोणी करतं?" मी विचारलं.

"मी पुस्तकात वाचलंय," नोंदणीतज्ज्ञ म्हणाले. मग जरा ओशाळून, "पैसे मिळेपर्यंत किल्ली न देण्याचाही हक्क असतो हं. किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

ओकुसाननी दोन्ही हात पुढे करून किल्ली कशी दिली ते दाखवलं. नोंदणीतज्ज्ञांनी निवडुंगाकडे बघितलं. परत येताना आम्ही कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून, कॉफी घेतली आणि बाहेर उभ्यानेच प्यायलो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना टॉवेल वाटत फिरतो आणि जिथे सांगायचं तिथे सांगत नाही, असं ओकुसान स्वतःशीच म्हणाल्या.

खरं कारण मला दिवाळीच्या फराळाला कळलं. कम्युनिटी हॉलमध्ये कोथरूडकर एका नव्याने घर घेणाऱ्या जोडप्याला ज्ञान वाटत होते. मी मागे चकलीच्या डब्याशी उभी.

"एक लक्षात ठेवा," ते म्हणत होते, "शेवटचा हप्ता लगेच द्यायचा नाही. दिला की मिस्त्री पुन्हा तोंड दाखवत नाही. आमचे शाचो-सान बघा, अजून दर आठवड्याला येतात! स्वतःहून! मागतील तेव्हा देणारच आहे मी, पैसे बाजूला काढून ठेवलेत. पण मागतच नाहीत हो ते. एवढी सर्व्हिस पुण्यात मिळेल?"

मी चकली तोंडात धरून तशीच उभी राहिले. पुण्याची सवय, मीही ओळखते. आमच्या घराच्या वेळी माझ्या वडिलांनीही हेच केलं होतं. आणि इकडे शाचोंचा हिशेब सरळ होता: गिऱ्हाईक पैसे देत नाही, म्हणजे काम पसंत नाही, तोंडावर सांगत नाही, कारण सभ्य आहे, तेव्हा चूक आपणच शोधायची. हे पैसे देत नव्हते म्हणून ते येत होते, आणि ते येत होते म्हणून हे पैसे देत नव्हते. हे जन्मभर चालू राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शाचोंना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील.

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय," ते म्हणाले.

"नाही हो! आमच्याकडे पद्धतच आहे. कामात काही दोष नसला तरी पैसे अडकवून ठेवतात."

"दोष नसताना? का?"

याला उत्तर देणं जपानीत अवघड आहे, आणि मराठीतही. ते म्हणाले, "काम पसंत पडल्याशिवाय मी पैसे मागणार नाही. तुम्हीही नाव काढायचं नाही. काढलंत, तर त्याच दिवशी मी दुकान बंद करेन."

मग मी आपल्या पद्धतीने खडे टाकून बघितले. कोथरूडकर भेटले की मी म्हणायचे, शाचो थकलेत हो. ते म्हणायचे, "वयच आहे वहिनी, अश्वगंधा सुचवा." मी म्हणायचे, वर्षअखेर आली, सगळ्यांनाच ओढाताण. ते म्हणायचे, "आमच्याकडे तर रिलीजच रिलीज!" माझी मुलगी, जी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते, एकदा हे ऐकून म्हणाली, "नान्दे इवानाइनो?" सरळ का नाही सांगत? मी तिला मराठीत गप्प बसवलं.

तोवर हे सगळं मला विनोदीच वाटत होतं. मग एका संध्याकाळी शाचो आणि मी कोथरूडकरांकडूनच ट्रेनने परत येत होतो. ते पेटी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "वर्षाच्या शेवटी दुकान बंद करायचं ठरवलंय. अजून कुठे बोलू नका."

"पैशामुळे?"

"पैशाचं काय, ते येतात जातात. दोष आहे आणि मला तो दिसत नाही. पूर्वी असं दार नुसत्या आवाजावरून ओळखायचो मी. आता कान गेले असतील, नाहीतर हात." त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. "ज्याला स्वतःची चूक सापडत नाही, त्याने दुसऱ्याच्या घराला हात लावू नये."

मला भीती वाटली. नोकरी जाईल याची होती, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त, या माणसाचं दारांविषयीचं सगळं गर्विष्ठपण कोथरूडच्या एका युक्तीपायी संपून जाणार याची. गेल्या काही दिवसांत त्यांनी गिऱ्हाइकांना एका बोटाचा प्रयोग दाखवणं सोडलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

डिसेंबरात कोथरूडकरांच्या आई आल्या आणि वास्तुशांत ठरली. शाचो आणि ओकुसान यांना खास आमंत्रण. शाचो काळ्या सुटात आले. एका हातात शुभेच्छांचं सुंदर गाठ मारलेलं पाकीट, दुसऱ्यात पेटी. ज्याचं बिल थकलं होतं तो माणूस गिऱ्हाइकाच्याच घरी आहेर घेऊन आला होता. मी ओकुसानकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आम्हा दोघींना नोंदणीतज्ज्ञाचं निवडुंग आठवलं असणार.

गुरुजी पुण्यात होते, लॅपटॉपच्या पडद्यावर. तिकडे पहाट असल्याने ते जांभया दाबत मंत्र म्हणत होते. होमाऐवजी एक बारीकसं धुपाटणं, कारण घरात धुराचे अलार्म. तरी शाचो अलार्मखाली ओला टॉवेल घेऊन तयारीत उभे. आरती झाली, प्रसाद झाला, लोक शिऱ्याच्या वाट्या घेऊन पांगले आणि शाचो गायब. मी वर गेले तर ते सुटाची बाही वर सारून दारापाशी गुडघ्यांवर बसले होते. दार ढकलत होते, कान लावत होते, पुन्हा ढकलत होते.

कोथरूडकर आईंना घर दाखवत तिथेच आले. "आई, हेच ते शाचो-सान. यांनी केलं सगळं."

शाचो वळले. समोर घरातलं सगळ्यात वडील माणूस आहे हे बघून ते तिथल्या तिथे, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून वाकले आणि बोलायला लागले. मला भाषांतर करायचं होतं. पैशाचं नाव काढायला मला बंदी होती, आणि ते मी काढलंही नाही. ते जे बोलले तेवढंच मी सांगितलं.

"ते म्हणताहेत, तुमच्या मुलाला माझं काम पसंत पडलं नाही. ते सज्जन आहेत, म्हणून बोलत नाहीत. मी खूप शोधलं, मला चूक सापडली नाही. माझे हात म्हातारे झालेत, म्हणून या महिन्यात मी दुकान बंद करतोय. पण त्याआधी तुम्ही मला एकदा सांगा, कुठे चुकलं? कळल्याशिवाय मला झोप लागत नाही."

आईंना काही कळेना. "कसली चूक? का रे, काय म्हणालास तू यांना?"

"काही नाही गं! उलट मी सगळ्यांना यांचं कौतुक…" कोथरूडकर थांबले. हुशार माणूस, उशिरा का होईना, सगळं एकदम कळलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. "आई, शेवटचा हप्ता ठेवलाय मी. आपल्याकडे ठेवतात तसा."

आईंनी कपाळाला हात लावला. मग मला म्हणाल्या, "मीच शिकवलंय हो त्याला हे. आमच्या घराच्या वेळी गवंडी जिना अर्धा टाकून पळाला. दोन पावसाळे मी शिडीने वर चढले. तेव्हापासून म्हणते, पैसे हातात ठेवावेत." त्यांनी शाचोंच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं. "पण हा कुठे पळणारा आहे?"

मुलगा तोवर फोनवरून पैसे पाठवत होता आणि "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणून माफी मागत होता. शाचोंचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आईंच्याच तोंडाकडे बघत होते.

आई गुडघा धरत पुढे आल्या. दारासमोर उभ्या राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी एकच बोट पुढे केलं आणि ढकललं. दार गेलं, चौकटीला टेकलं. त्यांनी ते उघडून पुन्हा ढकललं. मग डोळे मिटून, मान तिरपी करून, आणखी एकदा.

"यांना सांग," त्या मला म्हणाल्या, "माझ्या पुण्याच्या घरातलं एक दार असं लागत नाही. आणि सांग, माझे कान अजून चांगले आहेत."

मी सांगितलं. शाचो उठले. त्यांनी स्वतः दार ढकललं आणि आईंच्या शेजारी उभं राहून ऐकलं. मग रुमाल काढून तोंड पुसलं, डोळ्यांवरून जरा जास्त वेळ. परतीच्या ट्रेनमध्ये ते ओकुसानना म्हणाले, खालच्या खोबणीला मेण मात्र अजून थोडं लावता आलं असतं. ओकुसान म्हणाल्या, "तुम्ही आता गप्प बसा," आणि खिडकीकडे तोंड फिरवून रडल्या.

दुकान चालू आहे. वास्तुशांतीला आलेल्या दोन कुटुंबांनी पुढे आम्हालाच काम दिलं. हक्काची नोंदणी आम्ही अजूनही करत नाही, तो शिक्का मागायची आमच्यात कोणाची हिंमत नाही. पण आइसात्सुला निघालो की शेजाऱ्यांची घरं संपल्यावर आता आम्ही आणखी एक घंटी वाजवतो, खुद्द गिऱ्हाइकाची. घर आपल्या माणसाचं असेल तर तिथे मी बोलते, मराठीत, आणि मुलीने शिकवल्याप्रमाणे सरळ. म्हणते, "एक सूचना आहे. तुम्ही पैसे थांबवलेत तर हे भांडणार नाहीत, कोर्टात जाणार नाहीत, फोनही करणार नाहीत. यांना वाटेल आपले हात गेले. तेवढं लक्षात असू द्या."

बहुतेक लोक हसतात, मग शाचोंकडे बघतात आणि हसायचे थांबतात. मी काय सांगितलं ते शाचोंना ठाऊक नाही. ते दोन्ही हातांनी टॉवेल पुढे करतात, कमरेत वाकतात, आणि मग आम्ही पहिला खिळा ठोकतो.